बिनमोटरचं घर

श्री. भालचंद्र खोडवे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. भांडण अर्थात माझ्याकडून होतं. त्यांना भांडता येत नाही हे मला पुढे कळलं. विजय नगरच्या आपल्या गल्लीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सामान अजून खोक्यांत होतं आणि आमचे हे मोठ्या हौसेने पाण्याची मोटर घेऊन आले होते. नळाला थेट जोडायची, बटण दाबायचं, की पाणी सरळ गच्चीवरच्या टाकीत. दुकानदाराने तसंच सांगितलं होतं, आणि गल्लीत एक-दोघांनी तसं केलेलंही होतं. प्लंबर पाने काढून बसला, तेवढ्यात फाटकाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. खमरियाच्या कारखान्याला निघण्याच्या बेतात होते. एका हातात स्कूटरची किल्ली आणि दुसऱ्या हातात पारदर्शक नळीचं भेंडोळं.

“वहिनी, मी शेजारचा खोडवे. शेवटचं घर आमचं. ही मोटर तुम्ही लाइनीला लावून राहिल्या का?”

“हो. काहून? तुम्हाला काही त्रास आहे?”

“आहे ना. तुमची चालू झाली की आमचा नळ बंद पडेल. पण ते जाऊ द्या. तुमच्या नळाला किती दम आहे ते एकदा पाहून घ्या. मग लावा, मी अडवणार नाही.”

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पहिल्याच दिवशी येऊन आमच्या घरात काय करावं ते सांगणारे हे कोण, असा सगळा सूर होता. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, “अच्छा, चलो” म्हणाले आणि नळीचं एक टोक आमच्या नळाला बसवून दुसरं टोक भिंतीलगत वर धरलं. नळ सोडल्यावर नळीतलं पाणी चढत चढत पोर्चच्या छताच्या वर गेलं आणि तिथे स्थिर उभं राहिलं. “इथपर्यंत पाणी आपल्या पायांनी चढते,” ते म्हणाले. “तुमचा हौद तर जमिनीत आहे. त्यात ते आपोआप पडेल. हौदातून गच्चीवर चढवायला मोटर लावा, खुशाल लावा. लाइनीतून ओढू नका, बस.” आमच्या यांना ते पटलं. मोटर हौदावर बसली. मला पटायला आणखी काही दिवस लागले, कारण राग आला की मला चटकन काही पटत नाही.

गल्लीतलं शेवटचं घर खोडवेसाहेबांचं आणि शेवटून दुसरं माझं. पाणी वरच्या चौकातून येतं आणि एकेका घरी आपला वाटा देत देत खोडव्यांच्या दाराशी पोचतं. म्हणून त्यांच्या नळाला पाणी येतं की नाही, यावरून बाकीचे आपण कसे वागतो ते समजतं. त्यांनी आपल्याकडे उभ्या आयुष्यात एवढंच मागितलं की शेवटच्या नळाला मोटरीशिवाय पाणी यावं. स्वतःच्या लाइनीला त्यांनी मोटर लावली नाही आणि दुसऱ्यांनी लावू नये म्हणून ते दारोदार फिरले. एखाद्या माणसाच्या पंच्याहत्तरीला त्याच्या कामाचं काय झालं हे पाहायचं असतं. ते पाहिलं तर माझं मन खचून जातं.

गौरवग्रंथात असं लिहू नये हे मलाही कळतं. या ग्रंथाचे संपादक आणि आपल्या मंडळाचे सचिव नंदूभैया यांनी मला फोनवर बजावलंच होतं, “वहिनी, थोडं पॉझिटिव्ह लिहाल, प्लीज.” तर पॉझिटिव्ह जेवढं आहे तेवढं मी आधी लिहिते, आणि ते थोडंथोडकं नाही. उरलेलं खोडवेसाहेबांनी स्वतः लिहायला सांगितलं आहे, म्हणून लिहिते. नंदूभैयांनी ते न कापता छापलं तर त्यांचा मोठेपणा मानीन.

खोडवेसाहेबांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नागपूरकडून इकडे नर्मदेकाठी आले, ते इथलेच झाले. त्यांनी स्वतः खमरियाच्या कारखान्यात नोकरी केली. तिथे त्यांच्याकडे दाब मोजायचं काम होतं, त्यामुळे नळातून येणारं पाणी ते आपल्यापेक्षा वेगळ्या नजरेने बघत. आपण म्हणतो पाणी कमी आलं. ते विचारत, पाणी कमी आलं की दाब कमी आला? दोन्ही एकच, असं माझ्यासारखीला वाटे. मग ते समजावून सांगत की टाकीत पाणी भरपूर असूनही नळाला धार नसेल तर दोष पाण्याचा नाही, उंचीचा किंवा वाटेतल्या अडथळ्याचा आहे. आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहा, त्यात वाळू अडकली असेल. मग वाल्व पूर्ण उघडा आहे का पाहा. मग पाइपात हवा अडकली आहे का ते पाहा. यातलं काहीच नसेल तेव्हा प्लंबरला बोलवा. आपल्याकडे लोक उलट्या टोकाने सुरू करतात, आधी काहीतरी विकत आणतात.

याचा किस्सा नंदूभैयांचाच आहे आणि तो ते स्वतः हसत सांगतात, म्हणून लिहायला हरकत नाही. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या शॉवरला धार नव्हती, नुसते थेंब गळत. त्यांनी गच्चीवरची टाकी काढून तिच्या दुप्पट मोठी टाकी आणली. दोरखंड बांधून, चार माणसं लावून ती वर चढवली. अर्ध्या गल्लीने खाली उभं राहून सल्ले दिले. शॉवर पूर्वीसारखाच गळत राहिला. खोडवेसाहेब गच्चीवर गेले, टाकीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “नंदू, टाकी जाडी झाली म्हणून दाब वाढत नसते. ती किती उंच उभी आहे त्यावर सारं आहे. खाली विटांचा ओटा बांध, आणि जुनीच टाकी त्यावर ठेव.” ओटा बांधला. शॉवर सुरू झाला. ती मोठी टाकी कितीतरी वर्षं नंदूभैयांच्या अंगणात आडवी पडून होती आणि मांजरी तिच्यात व्यायला येत. तेव्हापासून नंदूभैया साहेबांचे शिष्य झाले. वाल्व कोणता, फ्लोट कसा काम करतो, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी काहून लावायची, हे सगळं ते साहेबांबरोबर हिंडून शिकले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं ते अजाण माणसाच्या हातून झालेलं नाही.

टाक्या धुण्याचा रिवाजही साहेबांनीच पाडला. उन्हाळा लागण्याआधीच्या एका रविवारी गल्लीतल्या सगळ्या टाक्या एकाच सकाळी धुवायच्या. आदल्या दिवशी पाणी वापरून संपवायचं, म्हणजे फुकट जात नाही. मग तळाचा गाळ काढायचा, आतून ब्रशने घासायचं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन ते पाणी नळांतून सोडायचं, पुन्हा साध्या पाण्याने धुवायचं. साहेब गच्च्यागच्च्यांवर जाऊन प्रत्येक टाकीत डोकं घालून बघत. झाकण सैल असेल तर तिथल्या तिथे तार बांधून देत. कुणाच्या टाकीत पाल निघे, कुणाच्या मुलाचा हरवलेला चेंडू निघे, आणि मग दिवसभर ती थट्टा चाले. दुपारी सुधाकाकू, म्हणजे सौ. खोडवे, सगळ्यांना पोहे खाऊ घालत. हिंदीभाषक शेजारीही त्या दिवशी हौसेने येत आणि “खोडवेजी, हमारी टंकी भी देख लीजिए” म्हणत. आता माणसं पैसे देऊन टाकी धुवून घेतात, नाहीतर धूतच नाहीत.

आणि त्यांची ती नळी. दर गुढीपाडव्याला सकाळी गुढी उभी केली की ते आपल्या अंगणातल्या नळाला ती पारदर्शक नळी लावत, पाणी किती चढलं ते पाहत आणि फाटकाच्या खांबावर तिथे ऑइलपेंटची एक रेघ ओढत. मग आत जाऊन श्रीखंड खात. पहिली रेघ खांबाच्याही वर, पोर्चच्या भिंतीवर आहे. त्यानंतरच्या रेघा खाली खाली आलेल्या आहेत. मध्ये एके वर्षी ती थोडी वर गेली, त्याचं कारण पुढे येतंच. अलीकडची रेघ ओढायला त्यांना जमिनीवर बसावं लागलं. मी शेजारी उभी होते. मला रडू आलं आणि मी काहीतरी कामाचं निमित्त करून घरात निघून आले.

मध्यंतरी गल्लीत काविळीची साथ आली होती, ते तुम्हाला आठवत असेल. मुलं एकामागोमाग आजारी पडत होती आणि आपण सगळे चाटवाल्यांना दोष देत होतो. साहेबांनी मंडळाच्या सभागृहात एक सभा बोलावली आणि तिथे कपड्यांची नीळ, एक बादली, एक मोटर आणि बारीक भोक पडलेला जुना पाइप घेऊन आले. बादलीत निळीचं पाणी केलं, भोकाचा भाग त्या पाण्यात बुडवला आणि पाइपातून आधी नुसतं उंचावरून पाणी सोडलं. दुसऱ्या टोकाने स्वच्छ पाणी आलं. मग त्या टोकाला मोटर लावून बटण दाबलं. पाणी निळं आलं. “लाइनीत दाब असला की भोकातून पाणी बाहेर जाते,” ते म्हणाले. “मोटरीने ओढलं की बाहेरचं आत येते. आपली लाइन कशाच्या शेजारून जाते ते सर्वांना माहीत आहे.” ती नालीच्या शेजारून जाते. दुसऱ्या दिवसापासून मोटरी उतरल्या. कुणी रागावून, कुणी शरमून, पण उतरल्या. त्या पाडव्याला खांबावरची रेघ वर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मोटरी परत आल्या. एकाने लावली, मग त्याच्या खालच्या घराला पाणी कमी पडलं म्हणून त्याने लावली. उघड नाही. कुणाची पोत्याखाली, कुणाची तुळशीवृंदावनाच्या मागे, आणि एका घरात तर कूलरच्या पोटात. आवाज ऐकून विचारलं तर “कूलर चालू आहे दीदी” म्हणून सांगितलं, तेही सकाळी नळ आल्याबरोबर. मी गल्लीच्या पाणी समितीची चिटणीस आहे. माझी नेमणूक साहेबांनीच केली, कारण मला भांडता येतं. मी प्रत्येक दाराशी उभी राहून भांडले. साहेबांनी मला दर वेळी मागे ओढलं. “वहिनी, भीतीने काढलेली मोटर पुन्हा लागते. समजून काढली तरच राहते.” मला हे कधीच पटलं नाही. समजून काढलेलीही लागली, हे त्यांनीच पाहिलं. त्यांनी एकदा तरी कुणाची मोटर उचलून नालीत टाकायला हवी होती, असं मला आजही वाटतं. त्यांच्या चांगुलपणाने त्यांचंच काम बुडवलं. हे वाक्य गौरवलेखात शोभत नाही, पण मी ते खोडणार नाही.

त्यांच्या चांगुलपणाचा अनुभव मला स्वतःला आला तो आमचे हे गेले तेव्हा. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी एकटी उरले. घरातलं सगळं हेच बघत. कोणता नळ कुठून बंद होतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. दीर म्हणत होते की घर भाड्याने दे आणि आमच्याकडे ये. त्या आठवड्यात साहेब आणि सुधाकाकू आले. सांत्वनाचं एक अक्षर न बोलता साहेब म्हणाले, “चला, तुमचं घर तुम्हाला दाखवतो.” त्यांनी मला हौदापासून गच्चीपर्यंत फिरवलं. मेन वाल्व, स्वयंपाकघराचा वाल्व, न्हाणीघराचा वाल्व, सगळे त्यांनी मला माझ्या हातांनी फिरवायला लावले. घट्ट बसलेल्या वाल्वला तेल सोडून मीच तो उघडला. टाकीच्या शिडीवर मला चढवलं आणि काकू खाली शिडी धरून उभ्या राहिल्या. टाकीचं झाकण उचलून आत पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे एकटी राहू शकते. दिरांना मी नाही म्हणून कळवलं. आज मी माझ्या घरात आहे ती त्या सकाळमुळे.

आता उरलेलं.

दाब इतका उतरला की साहेबांच्या हौदात पाणी पडेना. हौदाचं तोंड जमिनीच्या पातळीला, आणि पाणी तेवढंही चढत नव्हतं. मग साहेबांनी नळाजवळ खड्डा खणून घेतला, लाइनीतून एक नळ त्या खड्ड्यात खाली नेला आणि दोन पायऱ्या केल्या. नळ आले की काकू खड्ड्यात उतरून बादल्या भरत आणि साहेब त्या वर घेऊन हौदात ओतत. ते पंच्याहत्तरीला टेकलेले, काकूंचे गुडघे गेलेले. तिलवाऱ्याच्या घाटाला नर्मदा भरून वाहते आहे आणि विजय नगरात ही दोन म्हातारी माणसं खड्ड्यातून पाणी काढतात. सगळ्यांनी ते पाहिलं. काहींनी मला सांगितलं, “साहेबांनी आता जिद्द सोडायला पाहिजे.” आपली मोटर सोडायला पाहिजे, असं कुणी म्हटलं नाही.

अशात अमृतमहोत्सव आला, सत्काराचा दिवस ठरला. मंडळाने ठरवलं की साहेबांचं आयुष्य पाण्याच्या कामात गेलं, तेव्हा त्यांच्या नावाने गल्लीच्या तोंडाशी, सभागृहाच्या भिंतीला लागून एक पाणपोई बांधायची. कल्पना चांगली होती आणि मनापासूनची होती, यात मला शंका नाही. संगमरवरी दगड, साहेबांचं नाव, थंड पाण्याचं यंत्र आणि वर भली मोठी टाकी. उद्घाटन सकाळी नळाच्या वेळी ठेवलं, म्हणजे फोटोत वाहतं पाणी येईल. साहेबांना बटण दाबायला बोलावलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. बटणाकडे हात नेता नेता त्यांची नजर पाइपाकडे गेली.

“नंदू, हौद कुठे आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“हौदाला जागा नव्हती साहेब. लाइनीतूनच डायरेक्ट घेतलं. काही टेन्शन नाही, मोटर एकदम दमदार आहे.”

साहेब थांबले. समोर पाहुणे बसले होते, मुली आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या, लोक मोबाइल वर धरून होते. नंदूभैयांचा चेहरा आनंदाने फुलला होता, आणि त्यात खोट काही नव्हती. तो माणूस त्या क्षणी खरोखरच विसरला होता. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. टाळ्या झाल्या. त्याच वेळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सुधाकाकू खड्ड्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या बादलीतली धार तुटली. त्यांना वाटलं, वीज जाते तसं आज पाणी गेलं. त्या बराच वेळ वाट पाहत उभ्या राहिल्या. आम्ही पेढे घेऊन घरी आलो तेव्हाही त्या तिथेच होत्या.

मी संध्याकाळी नंदूभैयांकडे गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, “वहिनी, समजून राहिलो मी. पण साहेबांच्याच नावाची पाणपोई साहेबांच्याच सत्काराआधी बंद कशी करू? लोक काय म्हणतील?” मी साहेबांना म्हटलं, तुम्ही एक शब्द टाका. ते म्हणाले, “बटण मी दाबलं, वहिनी. आता बंद करा कोणत्या तोंडाने म्हणू?” इकडे मान आड आला, तिकडे भीड आड आली, आणि मोटर रोज सकाळी चालत राहिली. रस्त्याने जाणारे लोक त्यांच्या नावाचं थंड पाणी पिऊन दुवा देतात.

त्यानंतर काही दिवसांनी काकू त्या खड्ड्यात पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांना उठता येईना. मी आणि साहेबांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून वर काढलं. बादली कोरडीच होती. काकू साहेबांना काही बोलल्या नाहीत, मला म्हणाल्या, “रेखा, मी थकले गं.” काकूंच्या तोंडून असा शब्द मी कधी ऐकला नव्हता. साहेब पायरीवर बसून राहिले आणि त्यांनी वर मान केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. नेहमी फाटकातून हाक मारतात, त्या दिवशी चपला काढून आत येऊन बसले.

“वहिनी, परवानगी मागायला आलो आहे. मी मोटर लावून राहिलो.”

मी त्यांच्यासमोर बसले.

“वरची सारी लावून बसले आहेत, त्यांचं माझ्या मोटरीने काही बिघडत नाही. बिघडते ते फक्त तुमचं. मी ओढलं की तुमच्या वाट्याचं पाणीही माझ्याकडे येईल. तुम्ही नाही म्हणा, मी लावणार नाही. आम्ही नागपूरला मुलीकडे जाऊ.”

माझ्या घरी मी एकटी. मला लागतं किती? पण खरं सांगते, त्या क्षणी पाण्याचा विचारच माझ्या मनात नव्हता. माझ्या फाटकाशी नळी घेऊन उभा राहिलेला माणूस आज माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता, आणि त्याला तिथवर आपण सगळ्यांनी मिळून आणलं होतं. मी म्हटलं, “लावा.”

“तुम्ही आधी भरून घेत जा. तुमचं झालं की मग मी बटण दाबतो.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “माझी वाट पाहत बसलात तर वरचे सगळं ओढून घेतील. नळ आले की लगेच लावा.”

ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. “एक काम करा. ग्रंथात तुम्ही लिहून राहिल्या ना? हे लिहा. सत्काराला लोक उभे राहून म्हणतील, खोडव्यांच्या घरी आजवर मोटर नाही. तिथे शाल घेऊन मी गप्प कसा बसू? ते खोटं होईल. त्याआधी लोकांना कळलं पाहिजे.” म्हणून मी हे लिहिलं. सत्काराच्या भाषणांत आता ते वाक्य कुणी म्हणू नये, एवढी विनंती आहे. ज्यांची भाषणं लिहून झाली असतील त्यांनी ते वाक्य काढावं. मोटर साहेबांनी स्वतःच्या हाताने बसवली. पोत्याखाली नाही, कूलरमध्ये नाही. अंगणात, समोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

आज आपल्या गल्लीत लाइनीला मोटर नसलेलं घर फक्त माझं आहे, आणि मी त्याचा अभिमान मिरवत नाही. एकट्या घराने काही होत नाही हे मी शेजारीच पाहिलं आहे. या ग्रंथात इतरांनी साहेबांच्या कार्याचा वारसा, त्यांचा आदर्श असे शब्द वापरले असतील. वापरा. मला ते शब्द लिहवत नाहीत. त्यांनी शिकवलं ते आपण सगळे शिकलो, आपल्याला सगळं कळतं, आणि तरी आपण ते केलं नाही. यापुढे करू असंही मला वाटत नाही.

आदरणीय खोडवेसाहेब, शब्दांचा सोस तुम्हाला नाही, म्हणून थोडक्यात मागते. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो आणि ते धडधाकट लाभो. सुधाकाकूंना पुन्हा त्या खड्ड्यात उतरावं न लागो. नागपूरला जाण्याची वेळ तुमच्यावर न येवो; तुम्ही दोघं याच गल्लीत, याच शेवटच्या घरात राहा. आणि तुमची मोटर रोज सकाळी वेळेवर चालू होवो. ती चालू झाली की माझ्या नळाची धार बारीक होत जाते आणि मग थांबते. मी नळ बंद करते. पलीकडे काकूंना पाणी मिळालं, एवढं मला त्यावरून कळतं.